बोटावर ९७, आतड्यात ७०: हा आकडा नेमका कशाचा?

नमस्कार. तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल.

तुमचे बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि आता तुमच्याकडे कॅलिफोर्नियात राहतात. त्यांचं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा आठच्या आसपास उतरतं, लोह दिलं की चढतं आणि काही महिन्यांत परत घसरतं. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला तीन अँजिओडिस्प्लेशिया दिसले, म्हणजे अस्तरातल्या रक्तवाहिन्यांची लाल, विस्कटलेली जाळी. त्यातलं एक जागच्या जागी जाळून बंद केलं. हृदयाच्या इकोमध्ये एऑर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, 'मध्यम अरुंद' असल्याचं लिहिलं आहे. आता पुढच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी आतड्याच्या अस्तरातला ऑक्सिजन मोजण्याच्या एका संशोधनात ते सहभागी होतील का, अशी विचारणा झाली आहे. माहितीपत्रकात निरोगी माणसाचा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास असतो असं वाचून तुम्ही दचकलात. घरच्या ऑक्सिमीटरवर बाबांचे ९७ येतात, आणि कोविडच्या दिवसांत ९४ च्या खाली गेलं की हॉस्पिटल गाठायचं हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मग ७० नॉर्मल कसे? आकडा कमी आला तर धोका आहे का? आणि यात बाबांचा काही फायदा आहे का?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, पुण्यात दुर्बिणीच्या तपासण्या करतो. बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा.

माझ्या मते तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीवर अडले आहेत: 'आतड्यातला ऑक्सिजन' म्हणजे कोणता ऑक्सिजन? आतड्याच्या पोकळीतला वायू ही एक गोष्ट. अस्तराच्या पेशींना प्रत्यक्ष मिळणारा ऑक्सिजन ही दुसरी. आणि त्या अस्तरातल्या रक्तात हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन ही तिसरी. यंत्र मोजतं फक्त तिसरी. संशोधकांना जाणून घ्यायची असते दुसरी. आणि आपण घाबरतो ते बहुतेक वेळा या तिन्हींची सरमिसळ करून.

पोकळीचं लवकर उरकतो. मोठ्या आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, आणि नसावाच. तिथले बहुसंख्य जिवाणू ऑक्सिजन सहन न करणारे आहेत. आपण खाल्लेल्या तंतूंपासून ते ब्युटिरेट तयार करतात, आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात आणि जाळताना आजूबाजूचा ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यामुळे अस्तराचा अगदी आतला थर निरोगी माणसातही ऑक्सिजनच्या बाबतीत काटकसरीत जगतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी गिळायची एक कॅप्सूल बनवली, जी जाता जाता आतड्यातले वायू मोजते. मोठ्या आतड्यात शिरताच तिच्यावरचा ऑक्सिजन इतका ठळकपणे पडतो की कॅप्सूल कुठे पोहोचली ते त्यावरून ओळखता येतं. म्हणजे कमी ऑक्सिजन हा मोठ्या आतड्याचा आजार नाही, त्याचा स्वभाव आहे.

आता ९७ आणि ७० चा हिशेब. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागची युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो, आणि यंत्र त्यातला फक्त नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग वेगळा काढतं. ठोका असतो धमनीत. त्यामुळे ९७ हा आकडा धमनीतल्या ताज्या, अजून कुणीच न वापरलेल्या रक्ताचा आहे. फुप्फुसांनी माल नीट भरून पाठवला, एवढंच तो सांगतो. पुढे तो माल कुणी किती उतरवून घेतला हे त्याला कळत नाही.

दुर्बिणीतून जे वापरतात त्याला व्हिजिबल लाइट स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. बायोप्सीचा चिमटा ज्या नळीतून जातो त्याच नळीतून एक बारीक प्रकाशतंतू आत सरकवतात, तो अस्तरापासून किंचित वर धरून पांढरा प्रकाश टाकतात आणि परतलेल्या प्रकाशातले रंग तपासतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन निळ्या-हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकावरून टक्केवारी निघते. हा प्रकाश फार खोल जात नाही, वरच्या एकदोन मिलिमीटरचाच हिशेब देतो. आणि तो नाडीची वाट पाहत नाही. अस्तरातल्या केशवाहिन्या, लहान शिरा, सगळ्यांतलं रक्त तो एकत्र मोजतो, आणि त्यातलं बरंचसं रक्त ऑक्सिजन देऊन परत निघालेलं असतं. म्हणून निरोगी अस्तराचा आकडा ७० च्या आसपास येतो. हृदयाच्या उजव्या बाजूला परत आलेल्या रक्ताचंही साधारण ७० ते ७५ टक्केच असतं. तेव्हा ९७ आणि ७० यांची तुलना करूच नका. ते एकाच वाटेवरच्या दोन वेगळ्या मुक्कामांचे आकडे आहेत.

पण तुमच्या बाबांच्या बाबतीत एक मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि माहितीपत्रकात तो बहुधा नसेल. त्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात, ९७ टक्के सॅच्युरेशनला, साधारण १८.२ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. समजा आतड्याच्या अस्तराने त्यातला ५ मिलिलिटर घेतला. उरला १३.२, म्हणजे परत निघालेल्या रक्ताचं सॅच्युरेशन ७० टक्के. आता हिमोग्लोबिन ८ धरा. बोटावर तेच ९७ दिसतील, पण रक्तात ऑक्सिजन फक्त १०.४ मिलिलिटर. अस्तराची गरज तीच, ५. उरला ५.४, आणि सॅच्युरेशन ५० टक्के. धमन्या दोन्ही माणसांच्या ठणठणीत, तरी आकडा ७० वरून ५० वर. प्रत्यक्षात शरीर इतकं हातावर हात धरून बसत नाही. हृदय वेग वाढवतं, रक्त जास्त फिरतं, त्यामुळे घसरण एवढी होत नाही. मात्र ज्याची एऑर्टिक झडप अरुंद आहे त्याच्या हृदयाला तो वेग वाढवायला मर्यादा असतात. म्हणून अशा अभ्यासात मी पहिली गोष्ट विचारेन ती ही की त्या दिवशीचं हिमोग्लोबिन नोंदवणार आहात का. ते नसेल तर अँजिओडिस्प्लेशियाच्या रुग्णांचा आकडा कमी आला यावरून काहीच ठरत नाही. हे रुग्ण रक्त गमावतात म्हणून तर दवाखान्यात येतात. त्यांची तुलना रक्त भरपूर असलेल्या निरोगी लोकांशी केली तर ॲनिमियाच मोजला जाईल.

आता खुद्द त्या लाल जाळीवर यंत्र धरलं तर काय दिसेल?

सहज वाटेल की रक्तवाहिनी बिघडलेली म्हणजे ऑक्सिजन कमी. प्रत्यक्षात उलटंही होऊ शकतं. अँजिओडिस्प्लेशियात धमनी आणि शीर यांच्यामधला केशवाहिन्यांचा टप्पा गळून पडतो किंवा सैल होतो, आणि धमनीतलं रक्त न थांबता थेट शिरेत जातं. अँजिओग्राफीत हे डोळ्यांनी दिसतं: रंगद्रव्य धमनीत सोडल्यावर त्या भागातली शीर वेळेआधीच भरते. अशा शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजन कुणी घेतलेलाच नसतो. पाट मध्येच फुटला की पाणी वाफ्यांत न शिरता सरळ ओढ्याला मिळतं. ओढ्यातलं पाणी मोजाल तर भरपूर आणि पिकाच्या मुळाशी बघाल तर कोरडं, तसा हा प्रकार. त्यामुळे जाळीवर धरून ८० आला म्हणून तिथलं अस्तर सुखात आहे असं नाही, आणि आजूबाजूच्या अस्तरावर ६० आला म्हणून धमनी तुंबली आहे असंही नाही.

कोलोनोस्कोपी करताना या जाळीभोवती पुष्कळदा एक फिकट कडं दिसतं. ते दिसलं की हे खरोखर अँजिओडिस्प्लेशिया आहे, दुर्बीण घासून उठलेला लाल ओरखडा नाही, याबद्दल माझी खात्री वाढते. ते कडं फिकट का, याचं एक स्पष्टीकरण असं की शेजारचं रक्त या मोकळ्या वाटेने खेचलं जातं. त्यामुळे माझ्या दृष्टीने असल्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा आकडा जाळीवरचा नाही, त्या कड्यावरचा आहे. जाळीवर एक, कड्यावर एक, पाचसहा सेंटिमीटर दूर निरोगी दिसणाऱ्या अस्तरावर एक आणि डाव्या बाजूच्या आतड्यात एक, असे त्याच माणसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर काही शिकता येईल. ॲनिमिया, रक्तदाब, भूल, नाकातून दिलेला ऑक्सिजन हे सगळं चारही ठिकाणी सारखंच असतं, त्यामुळे त्यांचा गोंधळ आपोआप वजा होतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: ७० हा आकडा नॉर्मल आहे, ॲनिमियात तो धमन्यांचा दोष नसताना घसरतो, आणि जाळीवर तो खोटा दिलासा देऊ शकतो.

मग डॉक्टर हे मोजतातच कशाला? कारण कोंबडी आधी की अंडं, हा वाद इथे खरोखरच आहे.

न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे रुग्णालयातले शल्यविशारद स्कॉट बोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढून घेतलेल्या आतड्यांच्या रक्तवाहिन्यांत सिलिकॉन भरून त्यांचं जाळं उघडं करून पाहिलं आणि १९७७ मध्ये आपला सिद्धांत मांडला. आतड्याच्या स्नायूंच्या थरातून बाहेर पडणाऱ्या बारीक शिरा स्नायू आकुंचन पावला की दाबल्या जातात. आयुष्यभर हे होत राहिलं की मागच्या शिरा फुगतात, फुगवटा मागे सरकत केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, त्यांच्या तोंडाशी असलेली नियंत्रणं सैल पडतात आणि धमनी-शीर थेट जोडली जाते. सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची रुंद पिशवी, तिच्या भिंतीवर व्यास मोठा असल्यामुळे ताण सगळ्यात जास्त. म्हणून हे प्रकार उजवीकडे आणि उतारवयात जास्त. या कथेत ऑक्सिजनची भूमिका दुय्यम आहे, सगळा मामला नळ दाबला जाण्याचा.

दुसरी बाजू म्हणते की अस्तराला बराच काळ ऑक्सिजन कमी पडला तर पेशी नव्या रक्तवाहिन्या मागवतात. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कसं कळतं आणि ती कोणती जनुकं चालू करते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या साखळीतलं व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन अँजिओडिस्प्लेशियाच्या ऊतींत वाढलेलं आढळलं आहे. शिवाय एऑर्टिक झडप अरुंद असलेल्या किंवा डायलिसिसवरच्या लोकांमध्ये हे प्रकार जास्त दिसतात, म्हणजे ज्यांच्या आतड्याला रक्तपुरवठ्याची चणचण असू शकते त्यांच्यात. मग आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तराचाही आकडा, ॲनिमियाचा हिशेब वजा करून, कमी निघाला तर या बाजूला वजन मिळेल. निरोगी अस्तर निरोगीच निघालं तर बोलींच्या बाजूला. माझा स्वतःचा कल बोलींकडे आहे, निदान म्हाताऱ्या माणसांच्या सीकममधल्या एकट्यादुकट्या जाळ्यांबाबत तरी. छोट्या आतड्यात पाच-दहा ठिकाणी जाळ्या असलेल्या माणसात मात्र मला ती कथा अपुरी वाटते.

हे उत्तर मिळालं तर पुढे उपयोग होईल, कारण जाळी जाळून टाकली तरी काही रुग्णांना दुसरीकडे नवी का येते, हे त्यात दडलेलं आहे. पण तो उपयोग पुढच्या रुग्णांचा. बाबांच्या उपचारात या आकड्यामुळे आज एकही गोष्ट बदलणार नाही, आणि हे तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगणारा डॉक्टर भेटला असेल तर तो प्रामाणिक आहे असं समजा.

हाच आकडा उपचार बदलतो अशीही जागा आहे, ती इथे सांगतो कारण इंटरनेटवर शोधताना तुम्हाला तीच माहिती आधी सापडेल आणि गैरसमज होईल. आतड्याला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्याच अरुंद झाल्या की जेवल्यावर पोटात कळ येते, माणूस जेवणाला घाबरतो, वजन उतरतं. अशा रुग्णांत सीटी अँजिओग्राफीत धमनी अरुंद दिसते, पण तक्रार तिच्यामुळेच आहे का हे ठरवणं अवघड असतं, कारण वयस्कर माणसांत अरुंद धमन्या तक्रारीशिवायही सापडतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटाने त्यासाठी जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला हे मोजमाप वापरलं आणि जठराच्या शेवटच्या भागासाठी ६३, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीला ६२ आणि त्याच्या उतरत्या भागात ५८ टक्के अशा मर्यादा ठरवल्या. हे आकडे जठराचे आणि ड्युओडेनमचे आहेत, धमनी तुंबण्याच्या आजारासाठीचे आहेत. सीकममधल्या जाळीला ते लावू नका.

मोठ्या आतड्यात रक्त कमी पडण्याची नेहमीची जागा वेगळीच असते. डाव्या बरगडीखाली जिथे आतडं वळतं तिथे दोन धमन्यांच्या हद्दी मिळतात आणि दोघींचाही पुरवठा तिथे क्षीण असतो. रक्तदाब एकदम पडला की तिथलं अस्तर आधी सोलवटतं: अचानक डाव्या बाजूला कळ, मागोमाग रक्ताची शौच. हा इस्केमिक कोलायटिस, आणि तो अँजिओडिस्प्लेशियापेक्षा पूर्ण वेगळा. बाबांना असं काही झालं तर संशोधनाची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जायचं.

आपल्याकडे महाराष्ट्रात माझ्यासमोर 'आतड्यातल्या बिघडलेल्या रक्तवाहिन्या' म्हणून जास्त वेळा येतात त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या बायका. महिन्यांनी, कधी वर्षांनी शौचातून रक्त जायला लागतं, आणि गुदाशयाच्या अस्तरावर तशाच लाल जाळ्या असतात. तिथे कथा उलट क्रमाने घडते: रेडिएशनने बारीक धमन्या आतून जाड होऊन बंद होतात, अस्तर खरोखर ऑक्सिजनला मोताद होतं आणि नव्या नाजूक वाहिन्या फुटतात. दाबाखालचा ऑक्सिजन देऊन उपचार करण्याचा प्रयत्न याच तर्कावर चालतो. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत निबर झालेल्या, रुग्णांतही मोठ्या आतड्याचं अस्तर लालभडक दिसतं, पण तिथे रक्त पुढे सरकायला जागा नाही म्हणून साचलेलं असतं. दिसायला सगळं 'लाल जाळं', आतला कारभार प्रत्येकाचा निराळा. म्हणून कुणी तुम्हाला 'रक्तवाहिन्यांचा दोष असलेल्यांत आतड्याचा ऑक्सिजन अमुक असतो' असं सरसकट सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, कोणता दोष?

आता बाबांच्या निर्णयाकडे येतो. तो दोन गोष्टींवर अवलंबून आहे. कोलोनोस्कोपी उपचारासाठी तशीही होणारच आहे का? आणि बाबांना स्वतःला यात रस आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर मी हरकत घेणार नाही. प्रकाशतंतूने भाजत नाही, टोचत नाही, तपासणी काही मिनिटांनी लांबते इतकंच. केवळ संशोधनासाठी जादा कोलोनोस्कोपी करणार असतील तर मात्र मी माझ्या नात्यातल्या ७४ वर्षांच्या, झडप अरुंद असलेल्या माणसाला नको म्हणेन. आणि दुसऱ्याबद्दल एक आगाऊ सल्ला: तुम्ही उत्साहात आहात हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, पण सही त्यांची आहे. इंग्रजी पत्रक त्यांना मराठीत नीट समजावून सांगा, आणि ते 'तू म्हणशील तसं' म्हणाले तर तो होकार समजू नका.

संशोधकांना विचारण्यासारखं बरंच आहे, मी मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. जाळीची बायोप्सी घेणार का? उपचारासाठी ती लागत नाही आणि त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे संशोधनापुरती घेणार असतील तर त्या भागाला नकार देता येईल का ते पाहा. मोजमाप जाळण्याच्या आधी करणार ना? जाळल्यानंतरचे आकडे निरुपयोगी. मोजण्यासाठी एखादी जाळी मुद्दाम उपचाराविना सोडणार नाहीत ना? संशोधनाचा खर्च आणि त्यातून काही इजा झाली तर त्याचा खर्च कोण उचलणार? हा शेवटचा प्रश्न विमा पूर्ण नसलेल्या आईवडिलांच्या बाबतीत अमेरिकेत फार महागात पडू शकतो. नीतिविषयक समितीची मंजुरी आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क हे कागदावर असेलच, तरी वाचून घ्या. भारतात असा अभ्यास झाला तरी हेच प्रश्न लागू आहेत.

मोजणाऱ्याच्या हातावरही खूप अवलंबून असतं. आतड्यात हवा जास्त भरली तर ताणामुळे अस्तरातलं रक्त कमी होतं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो रक्तवाहिन्या सैल करतो. तंतू दाबून धरला तर त्याखालचं रक्त पिळून निघतं. गार पाण्याने धुतलं तर वाहिन्या आक्रसतात. भुलीसाठी पेथिडिनसारखं औषध दिलं तर जाळ्या फिक्या पडून नजरेआड होतात. उलट त्याचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर त्या उठून दिसतात, हे १९९० च्या दशकातच दाखवलं गेलं आहे. सक्शनने ओढलेला ठिपका तर हुबेहूब जाळीसारखा दिसतो. म्हणून मी स्वतः उजव्या बाजूच्या जाळ्या आत जातानाच शोधतो, परत येताना दिसलेल्या लाल ठिपक्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी यातलं किती ठरवून सारखं ठेवलं आहे, हे विचारलंत तर त्यांनाही बरं वाटेल. असे प्रश्न नातेवाईक सहसा विचारत नाहीत.

आणि आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत ते. बाबांच्या बाबतीत मला ऑक्सिजनपेक्षा झडपेची काळजी जास्त वाटते. एडवर्ड हेड या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ मध्ये एका छोट्या पत्रात लिहिलं होतं की एऑर्टिक झडप अरुंद असलेल्या वयस्कर रुग्णांत कारण न सापडणारा आतड्यातला रक्तस्राव वारंवार दिसतो. बऱ्याच वर्षांनी कारण उलगडलं. रक्त गोठायला मदत करणारं व्हॉन विलेब्रांड नावाचं एक लांबलचक प्रथिन असतं. अरुंद झडपेतून रक्त जोरात पिचकारीसारखं जातं तेव्हा ते उलगडतं आणि त्याचे तुकडे होतात. म्हणजे आतड्यात फुटायला तयार जाळी आणि रक्तात गोठण्याची कमतरता, दोन्ही एकाच माणसात. झडप बदलल्यावर हे प्रथिन सुधारतं आणि अनेकांचा रक्तस्राव थांबतो किंवा कमी होतो. हल्ली ती मांडीच्या धमनीतून, छाती न उघडता बदलता येते. 'मध्यम अरुंद' एवढ्यावर कुणी झडप बदलणार नाही, पण तो इको किती जुना आहे ते पाहा. हिमोग्लोबिन आठ असताना आणि ते दुरुस्त केल्यावर झडपेचे आकडे वेगळे येऊ शकतात. हृदयरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलायला लावा, हे काम नातेवाईकच करू शकतात.

बाकी उपचाराचा क्रम साधारण असा असतो. लोह शिरेतून दिलं तर साठा लवकर भरतो, आणि हिमोग्लोबिन घसरण्याची वाट न बघता फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) बघून पुढचा डोस ठरवता येतो. रक्तस्राव करणारी जाळी आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळतात. सीकमची भिंत पातळ असल्याने तिथे शक्ती कमी ठेवतात, काही जण आधी खाली सलाईन टोचून अस्तर उचलून घेतात. तरीही रक्त जात राहिलं तर कॅप्सूल एंडोस्कोपीने, म्हणजे गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याने, लहान आतडं तपासतात, कारण तिथेही जाळ्या असू शकतात. महिन्यातून एकदा द्यायचं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन हा त्यापुढचा टप्पा. थॅलिडोमाइडचा उपयोग लहान आतड्यातल्या जाळ्यांसाठी चीनमधल्या चाचणीत दिसला आहे, ती चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पण हातापायांच्या नसांवर परिणाम होतो, त्यामुळे या वयात मी ते शेवटी काढतो. आणि बाबा कुणी सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं ॲस्पिरिन घेत असतील तर ती गोळी आजही लागते का, हे विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

तपासणीच्या दिवसाबद्दल. दुर्बिणीपेक्षा मला अशा रुग्णांत पोट साफ करायच्या औषधाची धास्ती असते. रात्रभर जुलाब, त्यात पाणी कमी प्यायलं, वर भूल, की रक्तदाब पडतो, आणि अरुंद झडपेला पडलेला रक्तदाब अजिबात मानवत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण दोन भागांत, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं त्या दिवशी पहाटे असं मागा. फॉस्फेटवालं औषध मी या वयात देत नाही. परवानगी असेल तितका वेळ पाणी, नारळपाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत थोडं थोडं चालू ठेवा. मधुमेह असेल तर साखरेचं डॉक्टरांना विचारा. भूलतज्ज्ञांना झडपेबद्दल तोंडी सांगा, फाइलमध्ये आहे यावर विसंबू नका. लोहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवा. तिने शौच काळी आणि चिकट होते, अस्तरावर थर राहतो, जाळ्या झाकल्या जातात आणि प्रकाशावर चालणारं कुठलंही मोजमाप तिथेच बिघडतं.

पुन्हा लिहाल तेव्हा शेवटचं फेरिटिन, क्रिएटिनिन, इकोची तारीख आणि झडपेचा दाबफरक, चालू औषधांची यादी, आणि बाबा जिना चढताना थांबतात का, एवढं लिहा.